परशाला कडेवर घेऊन

तुम्ही कधी कुत्रा कडेवर घेऊन चाळीचे तीन मजले उतरला आहात का?

नाही ना? मी उतरले आहे. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी. पदर खोचायचा, एक हात त्याच्या छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, आणि मग भिंतीला खांदा लावून पायरी पायरी खाली. वाटेत प्रत्येक मजल्यावर कोणीतरी विचारणारच, "काय वहिनी, बाळ निघालं वाटतं फिरायला?"

आमच्या परशाचे किस्से असे एकावर एक साठत गेले. मी मुद्दाम जमवले नाहीत. तांदूळ निवडायला चार जणी बसलो की कोणीतरी म्हणायचंच, "वहिनी, ते परशाचं सांगा ना." एक सांगितला की त्याला लागून दुसरा आठवतो. आता तांदूळ नाहीत, पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगते.

* * *

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही लालबागला राहत होतो. आमचे हे गिरणीत स्टोअरमध्ये कारकून. तिथले विव्हिंग मास्टर, म्हणजे विणाई खात्याचे गोरे साहेब, कायमचे विलायतेला परत निघाले होते. त्यांच्याकडे कॉर्गी जातीचा कुत्रा होता. बोटीवर न्यायची सोय होईना, तेव्हा साहेबांनी ह्यांनाच विचारलं.

"आणि तुम्ही हो म्हणालात?" मी विचारलं.

"साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं गं," हे म्हणाले. "नाही कसं म्हणणार?"

टॅक्सीतून तो उतरला तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत गोळा झाली. तांबूस अंग, पांढरी छाती, सशासारखे उभे कान. अंगाने चांगला दांडगा, पण पाय वीतभर! आणि शेपूट जवळजवळ नाहीच.

शेजारच्या खोलीतल्या शांताबाई मालवणच्या. त्यांनी वाकून खाली पाहिलं, वर पाहिलं, परत खाली पाहिलं. "गो बाय, ह्याचे पाय खंय रवले?"

"जातच तशी आहे म्हणे," मी म्हटलं.

"मगे सायबाक सांग, शेपूट तरी धाडून दी!"

साहेबांनी त्याचं नाव पर्सी ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत चाळीने त्याचा परशा केला.

साहेबांनी ह्यांना तीन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. पाठ लांब आणि पाय आखूड, म्हणून त्याला जिना चढू-उतरू द्यायचा नाही, पाठीचा मणका दुखावतो. फार खाऊ घालायचं नाही. आणि गर्दी दिसली की सांभाळायचं, कारण ही कुत्री मुळात गुरं वळणारी. गुरं पांगली की त्यांच्या टाचांना हळूच तोंड लावून एका जागी आणतात.

शांताबाईंना मी हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गवळ्याचा कुत्रा! आणि तो सायबाकडे काय करी होतो?"

* * *

पहिली काळजी गॅलरीची होती. आमच्या गॅलरीच्या कठड्याला लाकडी गज, आणि दोन गजांमध्ये परशाचं डोकं आरामात मावायचं. डोकं गेलं की बाकीचं मागून जाणार, आणि खाली तीन मजले! मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी ट्रंकेतली जुनी हिरवी नऊवारी काढली आणि कठड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट विणून टाकली.

दुपारी पहिल्या मजल्यावर कोणाचे तरी पाहुणे आले. खालून हिरवीगार गॅलरी बघून त्यांनी विचारलं, "बारसं आहे का वर?"

शांताबाईंनी वरूनच सांगितलं, "झाला! नाव परशा ठेवलंव!"

* * *

बोट सुटायच्या आधी साहेब एकदा परशाला भेटायला आले. आमच्या जिन्याने धापा टाकत वर आले, आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसले. परशाने त्यांना पाहून इतका आनंद केला की माझे पोह्यांचे दोन डबे पडले.

साहेबांना वाटलं, कुत्रा शिस्त विसरला की काय. त्यांनी बोट वर करून इंग्रजीत सांगितलं, "पर्सी, सिट!"

परशाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. बसला नाही. साहेबांनी परत सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं. हे बिचारे घामाघूम. शेवटी ह्यांनीही इंग्रजीत सांगून पाहिलं.

दारात शांताबाई उभ्या होत्या. त्यांना तो तमाशा बघवेना. "बस रे मेल्या!" त्या म्हणाल्या.

परशा टुणकन बसला!

साहेबांनी वर केलेलं बोट खाली घेतलं. मग चहा प्यायले आणि जाताना ह्यांना एवढंच म्हणाले, "आता मला काळजी नाही."

* * *

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

अण्णा आमच्याच मजल्यावर, शेवटच्या खोलीत. एकटेच. छापखान्यातून निवृत्त झालेले, अंगावर खादी, एका गुडघ्याने कायमचे हैराण. चाळीच्या कमिटीचे ते अध्यक्ष आणि आमच्या गल्लीतून निघणाऱ्या प्रभातफेरीचेही तेच पुढारी. माणूस सरळ, पण परशाचं नाव काढलं की कपाळाला आठी. ते त्याला परशा म्हणायचेच नाहीत. "काय, उठले का तुमचे साहेब?" असं विचारायचे.

एकदा मला थांबवून म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा राग नाही. पण ज्या चाळीतून सत्याग्रही निघतात, त्या चाळीत गोऱ्याचं कुत्रं शोभत नाही. त्यांच्या राणीच्या राजवाड्यात पाळतात म्हणे असली!"

मी म्हटलं, "अण्णा, तो गवळ्याचा आहे."

"बघितलाय मी गवळी!" असं म्हणून ते काठी टेकत गेले.

दिवाळीत फटाके सुरू झाले तसा परशा थरथरायला लागला. मी त्याच्या कानांत कापूस घातला, वरून ह्यांचा मफलर गुंडाळला आणि त्याला खाटेखाली गोधडीवर ठेवला. डोकं आत गेलं, पण मागचा भाग बाहेरच राहिला. अण्णा फराळाचं ताट द्यायला आले होते. त्यांनी तो बाहेर राहिलेला भाग न्याहाळला.

"ज्यांनी जगभर तोफा डागल्या," ते म्हणाले, "त्यांचा कुत्रा लवंगी फटाक्याला भितो!"

आणि ताट ठेवून खूश होऊन गेले. त्यांची दिवाळी साजरी झाली!

* * *

परशाच्या खाण्याचं मात्र आमच्या हाताबाहेर गेलं. मी मोजकंच घालत होते. तरी तो महिन्या महिन्याने रुंद होत चालला. परळला जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर ठेवला, मागून पाहिलं, वरून पाहिलं.

"बाई, हा कुत्रा आहे की पाट?"

"मी जास्त घालत नाही हो, डॉक्टर."

"तुम्ही घालत नसाल. पण हा खातोय! वजन वाढलं की पाठ गेलीच समजा."

घरी येऊन चौकशी केली तेव्हा कळलं. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराला वाटत होतं की वहिनी याला उपाशी ठेवतात! एका घरी सकाळची पोळी, दुसऱ्या घरी दुपारचा भात, शांताबाईंकडे संध्याकाळी बांगड्याचं डोकं. परशा सगळीकडे सारख्याच केविलवाण्या तोंडाने उभा राहायचा.

शेवटी मी लेकीची जुनी पाटी काढली. लेक लग्न होऊन बेळगावला गेली होती, पाटी तेवढी राहिली होती. खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "परशा जेवला आहे," आणि दाराला टांगली. त्याचा गुण आला. महिन्याभरात कंबर दिसायला लागली.

फक्त हे एक दिवस गिरणीतून आले, तेव्हा मी हळदीकुंकवाला गेलेली आणि चूल थंड. मी परत येऊन बघते तर पाटीवर खाली एक ओळ वाढलेली होती, "मालक जेवले नाहीत."

* * *

माहीमच्या कोळीवाड्यातून हिराबाई मासे घेऊन यायची. डोक्यावर पाटी, आवाज असा की तळमजल्यावर हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरची भांडी वाजावीत. तिची पाटी उतरली की परशाला काम मिळायचं. गॅलरीत इकडेतिकडे उभ्या असलेल्या बायकांभोवती तो फेऱ्या मारायचा, टाचांशी नाक लावायचा, आणि बघता बघता सगळ्या जणी पाटीभोवती!

"बाय, ह्यो मना देस का?" हिराबाई मला म्हणायची. "काय गिऱ्हाईक गोला करतंय बग!"

एकदा कोणाच्या तरी ताटातला काटा त्याच्या घशात अडकला. तो मान ताणून खोकतोय, डोळे पांढरे होतायत, आणि मी नुसती "अगंबाई, अगंबाई" करतेय. हिराबाईने पाटी बाजूला सारली. मांडी घालून बसली, परशाचं डोकं काखेत धरलं, बांगड्या वर सरकवल्या आणि सरळ त्याच्या तोंडात हात घातला. काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"चावला नाही गं तुला?" मी विचारलं.

"मना?" हिराबाई म्हणाली.

खरंच आहे. तिच्यापुढे भाव करायला तोंड उघडायची आमची छाती नव्हती. मिटायची त्याची कुठून असणार?

* * *

मग ते नळाचं प्रकरण झालं.

गुरं एका जागी असावीत, असं परशाचं मत. दिवेलागणीला याचा चाळीला फार उपयोग व्हायचा. मुलं खाली अंगणात पांगलेली असायची. मी परशाला खाली नेऊन सोडायचे. हाक मारायला लागायची नाही. दोन फेऱ्यांत सगळी मुलं जिन्यापाशी, कुरकुरत, पण एकत्र! आया वरून हसायच्या.

पण सकाळी नळावर रांग असते. रांग म्हणजे परशाच्या हिशेबी पांगलेली गुरंच. एके दिवशी माझ्या हातून पट्टा सुटला आणि तो रांगेत शिरला. पहिल्या बाईची टाच, शेवटच्या बाईची टाच, मधलीची टाच. कोणाला लागलं नाही, पण हंडे पडले, कळशा घरंगळल्या, आणि सगळ्या जणी नळाभोवती एकच घोळका करून उभ्या! परशा समाधानाने खाली बसला.

मग कोणाचा नंबर कोणाच्या मागे यावर भांडण लागलं.

"मी पयली होतंय!"

"तू? तू तर आत्ता वरून आलीस!"

ते भांडण रंगात आलं आणि नळ गेला. त्या दिवशी अर्धी चाळ बिनआंघोळीची कामावर गेली. अण्णाही बिनआंघोळीचेच राहिले. त्यांना फेरीनंतर दादरला सभेला जायचं होतं.

संध्याकाळी कमिटी बसली. अण्णा आमच्या दारात येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, चाळीत सगळ्यांनी सांभाळून घेतलं. आता आणखी एक तक्रार आली, तर कुत्रा जायचा. असं ठरलंय."

हे माटुंग्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांशी परशाबद्दल बोलून आले. त्यांचं घर तळमजल्यावर, मागे थोडी बाग. "तिथे त्याला जिना तरी नाही," हे म्हणाले. ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते, मला कळत होतं. पण लेक गेल्यापासून त्या खोलीत दिवसभर माझ्या पायांत घुटमळणारं दुसरं कोण होतं? त्या दिवसापासून मी परशाचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरायला लागले.

* * *

आता शेवटचं सांगते.

प्रभातफेरी उजाडता उजाडता निघायची. पुढे आमच्या चाळीतला दामू आणि त्याची व्यायामशाळेतली तरणी पोरं, हातात झांजा. मागून बाकीची मंडळी. अण्णा झेंडा घेऊन पहिल्या ओळीत सुरुवात करायचे. पण पोरांचे पाय लांब आणि अण्णांचा गुडघा असा! गल्लीच्या तोंडापर्यंत ते मधे आलेले असायचे, नाक्यापर्यंत शेवटी, आणि पुढे तर ते आणि झेंडा दोघेच. फेरी मैदानावर पोचून, घोषणा देऊन, चहाला बसायची, तेव्हा अण्णा कुठे यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मागे कोणी राहिलं नाही ना, ते बघायला एक माणूस मागे लागतो."

पुढाऱ्याने घोषणा द्यायची, बाकीच्यांनी साथ द्यायची, अशी रीत. पण अण्णांचा आवाज पुढे पोचायचाच नाही, म्हणून घोषणा दामू द्यायचा.

त्या दिवशी मी परशाला घेऊन जिना उतरून नुकतीच दारात आले होते. समोरून फेरी गेली. नंतर अगदी मागे, दिव्याच्या खांबाला धरून उभे असलेले अण्णा दिसले. दम खात होते. फेरी तोवर नाक्यापाशी गेली होती.

परशाने हे पाहिलं. त्याचं अंग माझ्या हातात ताठ झालं. मी पट्टा वेढायच्या आतच त्याने उडी घेतली.

"परशा! अरे परशा!" मी धावले. पण ते वीतभर पाय काय पळतात! तो फेरीच्या बाजूने सरळ पुढे गेला, दामूच्याही पुढे, आणि वळून रस्ता अडवून भुंकला. झांजा थांबल्या.

"ए, हट! हट!"

तो हटला नाही. दामूच्या टाचेला तोंड लावलं.

"आयला, चावला रे!"

मग दुसऱ्याच्या टाचेला, मग तिसऱ्याच्या. डावीकडून पळत आला, उजवीकडून आला. पहिली ओळ मागे सरकली, ती दुसरीवर आली, आणि दोन्ही मिळून तिसरीवर. बघता बघता सगळी फेरी उलटी चालायला लागली! लोक ओरडतायत, हसतायत, धोतरं सावरतायत, आणि परशा मागून त्यांना हाकतोय. नाक्यापासून थेट त्या दिव्याच्या खांबापर्यंत आणलं त्यांना. सगळी मंडळी अण्णांभोवती गोळा झाली, तेव्हा कुठे तो थांबला. आणि जीभ बाहेर काढून अण्णांच्या चपलांवर बसला.

अण्णांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग खांब सोडला, झेंडा सरळ केला आणि चालायला लागले.

दामू सवयीने दोन पावलं पुढे गेला. परशाने वळून त्याच्या टाचेकडे नुसतं पाहिलं. दामू मागे आला!

अशी ती फेरी अण्णांच्या पावलाने मैदानापर्यंत गेली. मी मागून धापा टाकत जात होते. "संयुक्त महाराष्ट्र," अशी घोषणा ऐकू आली. आवाज बारीक, जरा कापरा. क्षणभर मला ओळखूच आला नाही. आणि सगळ्यांनी मिळून साथ दिली, "झालाच पाहिजे!"

पण घरी आल्यावर दामूने पायजम्याची फाटलेली किनार सगळ्या चाळीला दाखवली. आणखी दोघांनी टाचा दाखवल्या. कातडीला ओरखडा नव्हता, पण तक्रार ती तक्रार.

"अण्णा, ठरलंय ना आपलं?" दामू म्हणाला. "आता बोला!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झेंडा गुंडाळला, गुडघा धरत आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी काय समजायचं ते समजले. ह्यांनी दुपारीच माटुंग्याला निरोप पाठवला, सकाळी घेऊन जा म्हणून. संध्याकाळी मी परशाची वाटी घासून ठेवली, पट्टा पुसून ठेवला, गोधडीची घडी केली. शांताबाई येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी पाटी वाचली नाही. बांगड्याचं अख्खं डोकं परशापुढे ठेवलं आणि मीही त्यांना काही म्हटलं नाही. त्याने ते खाल्लं आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला आमच्या दाराची कडी वाजली. दारात अण्णा उभे होते, फेरीला निघालेले. त्यांनी झेंडा माझ्या हातात दिला, वाकून परशाला कडेवर घेतलं, आणि भिंतीला खांदा लावून पायरी पायरी करत ते तिन्ही मजले उतरले. माटुंग्याचे गृहस्थ आठ वाजता टॅक्सी घेऊन आले आणि चहा घेऊन परत गेले.